रिकाम्या डब्याची मोजणी

माझा जावई हिशेबी माणूस आहे. रेल्वेनं सरकारचा पैसा का खावा, यावर तो जेवता जेवता व्याख्यान देतो. सडका आहेत, मोटारी आहेत, ज्याला फारच घाई असेल त्यानं विमानानं जावं. रिकामे डबे ओढत फिरवायची हौस कुणाला, असं त्याचं म्हणणं. मी ताटावरून उठते. लेक त्याला हळूच सांगते, आईला राग लवकर येतो. येतो खरा. पण तो त्याच्यावर नसतो, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही.

आमचं गाव हिंगोली आणि वसमतच्या मधलं. गावापासून हाकेच्या अंतरावर रूळ होते आणि तिथं गाडीचा थांबा होता. थांबा म्हणजे काय, तर मुरमाचा उंचवटा, एक लिंबाचं झाड आणि गावाचं नाव लिहिलेली पाटी. मास्तर नाही, खिडकी नाही. तिकीट गार्डच फाडून द्यायचा. सकाळी कासराभर दिवस वर आला की हिंगोलीकडून पॅसेंजर यायची, वसमतवरून पूर्णेला जायची आणि दिवस कलताना तीच माघारी यायची. दोन्ही बाजूंना ज्वारी. भाद्रपद-आश्विनात ती इतकी उंच व्हायची की गाडी आली तरी आधी दिसायची नाही, नुसती पानं हलायला लागायची.

माझ्या मायला महारोग झाला तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. आधी गालावर फिकट चट्टा उठला, मग उजव्या हाताची बोटं वळायला लागली. त्या रोगाचं नाव गावात कुणी तोंडातून काढत नसे. तिचं पाणी वेगळं झालं, ताटली वेगळी झाली आणि ती स्वतःच पदर नाकापर्यंत ओढून वावरायला लागली. आजूबाजूच्या बाया तिच्याशी बोलायच्या, पण कुंपणापलीकडून.

वसमतला दर गुरुवारी एक डॉक्टर कडू तेलाची सुई द्यायचा. त्यानं मायला स्पष्ट सांगितलं होतं, रोग आहे तिथं थांबवता येईल, पण एकही गुरुवार चुकवायचा नाही. पंधरा दिवसांनी आलीस, महिन्यानं आलीस, तर माझ्या हातात काही नाही. त्या एका वाक्यावर आमचं घर चाललं होतं. गुरुवार आला की बाप पहाटे उठून आम्हाला भाकरी बांधून द्यायचा आणि मी तिच्यासोबत जायची.

गाडीच्या शेवटच्या डब्यात आम्ही बसायचो. तो बहुतेक रिकामाच असे, आणि नसला तर गार्ड तो रिकामा करायचा. पांढरी दाढी असलेला, वयस्क मुसलमान माणूस होता. चढणाऱ्यांना म्हणायचा, पुढं जा, तिकडं जागा आहे. मायला काही विचारायचा नाही. ती चढेपर्यंत हिरवी झेंडी काखेत धरून उभा राहायचा, आणि तिला चढायला वेळ लागे. गाडी हलली की माय पदर मागं टाकायची. घरात मला तिचं तोंड दिसत नसे. गाडीत दिसायचं. सात-आठ कोसांच्या त्या प्रवासात ती खिडकीशी बसून वारा घ्यायची, कधी कधी गुणगुणायचीसुद्धा. म्हणून मला गुरुवार फार आवडायचा.

मोठी लढाई संपून वर्ष झालं असेल नसेल, तेव्हा एका दुपारी गावात दवंडी पिटली गेली. आमच्या थांब्यावर गाडीनं थांबावं की थांबू नये हे सरकार ठरवणार होतं. त्यासाठी हैदराबादेहून कारकून येणार, आठ दिवस चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची मोजणी करणार. तरी गाडीनं जाणाऱ्या सगळ्यांनी थांब्यावर हजर राहावं. दवंडीवाल्यानं सगळं सांगितलं असेल. आमच्या गावानं त्यातला एकच शब्द ऐकला, मोजणी.

याला हसू नये. गावानं मोजणी पाहिली होती. ज्या साली बैलगाड्या मोजल्या, त्या साली साहेबाच्या दौऱ्याला त्या वेठीला गेल्या. पेवातलं धान्य मोजून गेले आणि पाठोपाठ ते सक्तीनं उचलून न्यायला लेव्हीवाले आले. तेव्हापासून गावाची रीतच पडली होती, वहीवाला येतोय असं कळलं की माणसं भाकरी बांधून ज्वारीत जाऊन बसायची. लेकरांना कसं गप्प ठेवायचं, कुत्री कुठं बांधायची, सगळं ठरलेलं होतं. त्यामुळे ज्या दिवसांत गाव झाडून थांब्यावर जायला हवं होतं, त्याच दिवसांत गाव झाडून लपलं.

कारकून आला. शेरवानी, लाल टोपी, पत्र्याची पेटी. लिंबाखाली पेटीवर बसून तो गाडीची वाट पाहायचा. पहिल्या दिवशी मीही ज्वारीत होते. दोनशे माणसं दोन-दोन हातांच्या अंतरानं बसलेली आणि आवाज फक्त पानांचा. गाडी आली, थांबली. दारं उघडी, बाकं रिकामी; मागच्या थांब्यांवरही मोजणीची दवंडी गेली असणार. कोणी उतरलं नाही, कोणी चढलं नाही. एरवी आमच्या गावची पाच-पंचवीस माणसं तरी तिच्यात चढायची. इंजिनानं दम टाकला, गार्डनं इकडंतिकडं पाहिलं आणि गाडी निघून गेली. मला पहिल्यांदाच ती गाडी ओळखीची वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी कारकून गावात शिरला. तेव्हा मी आमच्या गुरांच्या वाडग्याच्या भिंतीआड होते, माय ताकाचं मडकं विसरली म्हणून ते आणायला आलेली. तो एकेका दारासमोर उभा राहत होता. एका घरात तव्यावर भाकरी करपून धूर निघत होता आणि माणूस नव्हतं. रिकामा पाळणा अजून हलत होता. त्यानं पाळण्यात वाकून पाहिलं आणि झटकन मागं सरला. मग तो भराभर चालत थांब्याकडं गेला, मागं वळून वळून पाहत. तिसऱ्या दिवशी तो ज्वारीकडं तोंड करून ओरडला, "कोई है?" त्याच्यापासून दहा पावलांवर माझा चुलता बसला होता. कोणी श्वास सोडला नाही. चौथ्या दिवशी तो ओरडला नाही. नुसता ज्वारीकडं बघत बसला, आणि आम्ही त्याच्याकडं बघत बसलो. त्या दिवशी कोण कुणाला भ्यालं होतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

पाचवा दिवस गुरुवार होता.

बुधवारी रात्री बाप मायला म्हणाला, या एका गुरुवारी जाऊ नको. त्यानं तुझं नाव लिहिलं, रोग लिहिला, तर उचलून नेतील, कुठं दूर रोग्यांच्या वस्तीत ठेवतील, पुन्हा तोंड दिसायचं नाही. माय म्हणाली, सुई चुकवायची नाही. तिचं बोलणं मोजकं असे आणि एकदा बोलली की संपलं. सकाळी बापानं मला बाजूला घेतलं. "त्यानं वही उघडली की मायला घेऊन पळ. समजलं? उभी ऱ्हाऊ नको." मी मान हलवली.

आम्ही दोघी थांब्यावर जाऊन उभ्या राहिलो. मागं ज्वारीत अख्खं गाव आहे हे मला माहीत होतं, त्यांची नजर पाठीला लागत होती. कारकुनानं आम्हाला पाहिलं आणि तो उठूनच उभा राहिला. चार दिवसांनी त्याला माणूस दिसलं होतं. दाढी वाढलेली, डोळे तांबडे. तेवढ्यात पानं हलायला लागली आणि गाडी आली, तशीच रिकामी, दारं उघडी. गार्ड खाली उतरला, झेंडी काखेत धरून शेवटच्या डब्यापाशी उभा राहिला. कारकून आमच्याकडं येत होता. तो हसत होता. आज कळतं की त्याला नुसतं बरं वाटत होतं.

"शुकर है, कोई तो आया," तो म्हणाला. "कितने जने हैं?" आणि त्यानं वही उघडली.

मी मायचा हात धरला आणि ओढला. अंगात होतं तेवढ्या बळानं, नखं रुतवून ओढला. माझ्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं. मायनं एकदा गाडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि ती माझ्यामागं आली. आम्ही ज्वारीत शिरलो. आत माणसं रांगेनं उकिडवी बसलेली. आम्हाला पाहून ती सरकली, मायपासून दूर. इतक्या भीतीतही तेवढं कोणी विसरलं नाही.

गार्ड थांबला. त्यानं शिट्टी वाजवली, पुन्हा वाजवली. "माँजी," त्यानं हाक मारली. गाडी इतका वेळ आमच्या गावाला कधीच थांबली नव्हती. मला ज्वारीच्या फटीतून त्या डब्याचं उघडं दार दिसत होतं, आतलं रिकामं बाक दिसत होतं, मायची खिडकीजवळची जागा दिसत होती. शेवटी झेंडी हलली. गाडीचा आवाज विरला तरी कारकून तिथंच उभा होता, वही उघडी धरून. मग त्यानं खाली बघून काहीतरी लिहिलं. फार वेळ लागला नाही लिहायला. आठ दिवस पुरे न करता त्याच संध्याकाळच्या गाडीनं तो निघून गेला, आणि गावात लोक एकमेकांना सांगू लागले, बरं झालं, सुटलो.

दिवाळीनंतर गाडी आमच्याकडं थांबायची बंद झाली. ज्यासाठी लपलो ते घडलंच नाही, आणि जे घडलं ते लपल्यामुळं, हे गावाला कळायला बरेच दिवस लागले. पाटील म्हणाले, सरकारला तोटा होतो, रिकामी गाडी कशी थांबवणार. हेच पाटील कौतुकानं सांगायचे की हैदराबादेत विमान उतरावं म्हणून अख्खा माळ सपाट केलाय. तिथं झाडाखाली पेटीवर बसून कोणी मोजलं होतं का, किती जण उतरतात? मोटारीसाठी सडकेवर खडी पडली ती कुणाच्या पैशानं पडली? मोटारीत रिकामी जागा उरली तर मालक रडतो, हे मला मान्य आहे. पण माझ्या मायला लागत होती ती रिकामी जागाच. ज्याला जावई तोटा म्हणतो, त्यावर ती वर्षभर बसून गेली होती. हे त्याला जेवताना कसं समजावून सांगू?

ज्या गुरुवारी घरी असे त्या गुरुवारी माय तरीही थांब्यावर जायची. गाडी वेग न सोडता समोरून जायची, डब्यांची उघडी दारं भराभर सरकायची आणि शेवटच्या डब्यातून गार्ड हात वर करायचा. माय हात वर करायची नाही. गाडी गेल्यावरही ती तशीच उभी राहायची, पदर नाकापर्यंत, आणि रस्त्यानं जाणारे तिला पाहून वाट बदलायचे. लोक म्हणायला लागले, थांब्यावर काहीतरी आहे. तिला ते ऐकू आलं असेल.

तीन-चार गुरुवार बापानं बैलगाडीनं नेलं. जायला एक दिवस, यायला एक दिवस. मग हरभऱ्याची पेरणी आली आणि बैल मोकळे नव्हते. तेव्हा आम्ही दोघी चालत सडकेवर गेलो, मोटारीसाठी. मोटार भरलेली होती, तरी दोघींपुरती जागा होती. मायनं चढताना दांडीला हात घातला आणि क्लीनरला तिची बोटं दिसली. तो तरणा पोरगा होता, वाईट नव्हता. खाली मान घालून म्हणाला, "मावशी, तुमी बसल्या तर बाकीचे उतरतेत. मालक मला ठेवायचा न्हाई." आतून कोणीतरी नाकाला उपरणं लावलं. मायनं दांडी सोडली. मोटारीची धूळ खाली बसेपर्यंत आम्ही तिथंच उभ्या होतो.

माघारी येताना दोन्ही बाजूंची ज्वारी काढून झाली होती. लपायला कुठं जागाच नव्हती, नुसती धसकटांची वावरं. मला राहवलं नाही. चालता चालता रडत मी म्हणाले, माय, त्या दिवशी मी तुला ओढलं नसतं तर तू गाडीत बसली असतीस. त्यानं दोघी लिहिल्या असत्या. मी नखं रुतवून ओढलं तुला.

ती थांबली. हात पुढं करून तिनं मनगटापाशी पाहिलं. माझ्या नखांच्या खुणा अजून होत्या, दोन जागी चिघळल्या होत्या.

"हे तुझं व्हय?" ती म्हणाली. "मला वाटलं जवारीचं पान लागलं. त्या हाताला काय कळते, बाई. तू ओढलेलं मला ठावंच न्हाई." मग पदर सारखा करून ती पुढं चालायला लागली. "तुझं तोंड बघितलं म्हून आले मी."

त्यानंतर ती वसमतला गेली नाही.