इंजिन गार होईपर्यंत

शेरगाझीला खोटं बोलता येत नाही, तरी तो बोलतो आणि दर वेळी पकडला जातो. त्याच्या नि माझ्या अंगणात एकच मातीची भिंत, त्यामुळे त्याच्या सगळ्या थापा मला पाठ आहेत. बायको गेल्यापासून तो एकटा जेवतो आणि रेडिओशी भांडतो. लेक बुरुल बिश्केकला शिवणकामाच्या कारखान्यात असते. तिच्या जुन्या गाडीत ती कधीमधी येते, आणि निघायच्या दिवशी गाडीत नेमकं काहीतरी बिघडतं. वसंतात प्लग खराब झाला. पुढच्या खेपेला टायरमधली हवा गेली, आणि हवेच्या नळीचं टोपण बापाच्याच खिशात सापडलं. तेव्हा बुरुल हसली होती, पण कारखान्यात मुकादमबाईची बोलणी तिलाच खावी लागली.

या जानेवारीत मात्र टायमिंग बेल्टला खरोखरच चिरा पडल्या होत्या. मी डोळ्यांनी पाहिल्या. शेरगाझीने नारीनच्या बाजारातून नवा पट्टा आणला. सकाळी काम लवकर उरकावं, बापाची बोटं गारठू नयेत, म्हणून बुरुलने रात्रीच इंजिनाखाली शेणीच्या निखाऱ्यांची परात सरकवली आणि वरून जाड लोकरी नमदा पांघरवला. इथे थंडीत सगळेच तसं करतात.

सकाळी तो शेडमध्ये कामाला लागला आणि मी कोणी न मागितलेले सल्ले देत उभा राहिलो. वरच्या नि खालच्या चाकावरच्या खुणा जुळवून त्याने जुना पट्टा काढला, नवा चढवला. मग दोन खुंट्यांचा पाना पुलीच्या भोकांत बसवून ताण दिला. तो पाना त्याने स्वतः कानस मारून बनवलेला आहे, कोणाला हात लावू देत नाही. शेवटी पट्टा चिमटीत धरून पिळला. पाव वळण घेऊन पट्टा अडला, म्हणजे ताण बरोबर.

"झालं?" बुरुलने विचारलं. तिची पिशवी गाडीत गेली होती.

शेरगाझीने इंजिनावर तळवा ठेवला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे गरम आहे गं. धातू फुगलाय, म्हणून ताण बरोबर वाटतोय. गार झालं की पट्टा सैल पडणार. दोलोनच्या घाटात थांबलीस, इंजिन गारठलं आणि परत चावी फिरवलीस, तर पट्टा दात सोडेल. इंजिनाचं भंगार होईल, आणि तिथे थंडीत कोण येणार तुझ्या मदतीला?"

"मग?"

"दुपारपर्यंत थांब. गार झालं की पुन्हा ताण देतो."

बुरुलने माझ्याकडे पाहिलं. मी कोंबड्यांकडे पाहिलं.

"बाबा, पुन्हा?"

"या वेळी खरं आहे."

"प्लगच्या वेळीही हेच म्हणाला होतात." तिने स्वतः हात घालून पट्टा पिळला. "पाव वळण. तुम्हीच शिकवलंत ना? द्या चावी."

चावी त्याच्या खिशात होती. मी असतो तर दिली नसती. त्याने ती काढून गाडीच्या टपावर ठेवली, नमदा ओढून काढला आणि शेडची दारं सताड उघडली.

"मी या अकुनकडे जाऊन बसतो," माझ्याकडे बोट दाखवत तो म्हणाला. "तुझ्यासमोर येत नाही. माझ्यासाठी थांबवत असतो तर तुझ्याजवळ बसलो असतो ना? गार झालं की हाक मार. नाहीच पटलं तर ही चावी."

आणि खरोखर येऊन माझ्या खिडकीत बसला. माझ्या बायकोने चहा दिला, त्यावर साय धरली. गरम तळलेल्या बोर्सोकला त्याने हात लावला नाही. कान सगळे शेडकडे, गाडी सुरू होते की काय म्हणून. मला राग आला. लेक कितीतरी महिन्यांनी येते आणि हा भिंतीच्या अलीकडे बसतो.

"अरे, जा की घरी. वेडा आहेस का?"

"गेलो तर तिला वाटेल, याचसाठी थांबवलं." थोड्या वेळाने माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, कालचं मांस आहे घरात. गरम करून खाईल ना ती?"

उन्हं कलायला लागली तेव्हा बुरुल फाटकाशी आली. इंजिन बर्फासारखं झालं होतं.

"आधी तू बघ," शेरगाझी म्हणाला.

तिने पट्टा पिळला. तो पाव वळणावर थांबलाच नाही, सहज अर्धा फिरला. तिने हात तिथेच ठेवला, बराच वेळ.

शेरगाझीने नट सैल केला, पुली फिरवली, नट आवळला. इंजिन हाताने फिरवून खुणा पुन्हा तपासल्या. पट्टा पिळला. पाव वळण.

"बाबा," ती म्हणाली, "आज राहते मी. मुकादमबाईला काय बोलायचं ते बोलू दे."

आजवर ज्या वाक्यासाठी तो प्लग नि टायर बिघडवत होता, ते वाक्य आयतं समोर आलं होतं. तो चिंधीने हात पुसत राहिला.

"नको. आज राहिलीस तर माझं खरं बोलणं वाया जाईल. पुढच्या वेळी मी काही सांगेन, ते ऐकायचं आहे तुला. नीघ. उजेडात घाट उतर."

ती गेली. मी त्याच्याबरोबर घरात गेलो, एकट्याला सोडवेना म्हणून. चुलीवर मांस गरम करून झाकून ठेवलेलं होतं. जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर दोन वाट्या मांडलेल्या होत्या, दोन्ही कोरड्या. तिने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

शेरगाझी खाली बसला. त्याने एक वाटी माझ्याकडे सरकवली.

"मी भिंतीपलीकडेच होतो रे," तो म्हणाला. "एक हाक मारायची होती तिने."