प्रागमधली संकष्टी

माझ्या बायकोच्या मरणाबद्दल आमच्या घरात एक वाक्य कायमचं ठरून गेलं आहे. उपासाच्या हट्टापायी गेली. मुलगा ते बोलतो, शेजारीपाजारी बोलतात, शेजारच्या अकोले तालुक्यातून तिचा धाकटा भाऊ आला की तोही बोलतो. ते वाक्य मूळचं माझं. परदेशातून फोनवर मीच ते घरी पोचवलं होतं, आणि ते खरं नाही.

आम्ही संगमनेरचे. मी कॉलेजात भूगोल शिकवायचो. निवृत्त झाल्यावर मुलाने आम्हाला दोघांना युरोपच्या सहलीला पाठवलं. सगळा मराठी मंडळींचा गट, बसमध्ये लसणाची चटणी आणि भेंड्या. प्राग हे शेवटचं शहर होतं, आणि तिथला शेवटचा दिवस नेमका संकष्टीचा आला.

संकष्टी ती लग्नाआधीपासून करायची. दिवसा उपासाचं खायचं आणि चंद्र उगवला की देवाला नैवेद्य दाखवून जेवायचं. मी या प्रकाराची कायम टिंगल केली. त्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या टेबलावरही केली. उन्हाळ्यात इतक्या उत्तरेला सूर्यच उशिरा मावळतो, चतुर्थीचा चंद्र मध्यरात्रीशिवाय वर येणार नाही, हे मी संत्रं आणि बशी घेऊन सगळ्यांना समजावून दिलं.

"म्हणजे वहिनींची आणि चंद्राची गाठ विमानातच!" आमच्या टेबलावरचे एक गृहस्थ म्हणाले.

"पडू दे की," ती म्हणाली. "तेवढाच जवळून दिसेल. आणि यांचं काय ऐकताय? यांनी जन्मभर पृथ्वी फिरवली, पण घरातलं मीठ कुठे असतं ते अजून सापडलं नाही."

टेबल हसलं. मीही हसलो, पण मनातून थोडा खट्टू झालो. हे नोंदवायला हवं, कारण पुढे दिवसभर मी तिच्याशी जरा ताठच वागत होतो.

उपासासाठी तिने घरून राजगिऱ्याचे लाडू आणले होते. तिला मधुमेह होता. सकाळची गोळी घेतल्यावर वेळेवर पोटात काही जाणं भाग होतं. आंघोळीला जाताना ती म्हणाली, "लाडवांचा डबा माझ्या खांद्याच्या पिशवीत ठेवा हं." खोली सोडायची घाई होती. मी डबा मोठ्या बॅगेत कोंबला, बॅग बसच्या पोटात गेली, आणि बस आम्हाला जुन्या चौकात सोडून निघून गेली. ती परत येणार होती संध्याकाळी, विमानतळावर न्यायला.

दुपारी चौकातल्या बाकावर बसून तिने पिशवी उपसली तेव्हा डबा नसल्याचं कळलं.

"ठेवला नाहीत ना?"

"राहिला."

"राहू दे. एखादं केळं मिळतंय का बघा."

मी एक चक्कर मारून आलो. भोवती सगळी बिअरची आणि मांसाची दुकानं. केळं असेलही कुठे तरी, मी फार शोधलं नाही. परत आलो तेव्हा ती कपाळाचा घाम पुसत होती. समोरच्या बेकरीकडे बोट करून ती म्हणाली, "चला, तिथे पाव दिसतोय. मी आज उपास सोडते. बाप्पा काही इथवर हजेरी घ्यायला येत नाही."

हे तिचे शब्द आहेत. मी त्यात काही घातलेलं नाही.

बेकरीपुढे मोठी रांग होती. किल्ल्यावर जायचं राहिलं होतं. तिथून खालच्या नदीचं वळण दिसतं, असं मी वाचलं होतं. नागमोडी नदीची आकृती मी वर्षानुवर्षं फळ्यावर खडूने काढली, आणि तशी नदी उंचावरून कधी पाहिली नव्हती. बस येण्याआधी जाऊन यायचं तर लगेच निघायला हवं होतं. मग ज्याने जन्मात एक उपास धरला नाही, तो मी तिला म्हणालो, "एवढी वर्षं केलंस, आणि शेवटच्या दिवशी मोडतेस? वर जाऊन येऊ, मग बघू."

तिने माझ्याकडे पाहिलं. "अगंबाई, तुम्ही कधीपासून देव मानायला लागलात?" असं म्हणून ती हसली, पिशवी खांद्याला लावली आणि उठली.

किल्ल्यावर ट्राम जाते. मी म्हणालो, चालत जाण्यात मजा आहे. दगडी पूल ओलांडेपर्यंत ती बोलत होती. "नदी बघायला एवढं चढायचं? आपली प्रवरा काय कमी वळते?" पुढे पायऱ्या लागल्या तशी गप्प झाली. मी तिच्यापुढे चालत होतो. मागून आवाज आला, "अवो, थांबा की. मला लई कसंतरी हुतंय."

ती अकोले तालुक्यातल्या डोंगरातली. लग्न होऊन संगमनेरला आल्यावर तिची बोली मीच हट्टाने बदलली होती. फार आजारी असली, की माहेरची बोली आपोआप तोंडात यायची. बाळंतपणात मी ती ऐकली होती. म्हणजे त्या पायरीवर मला काही कळलं नाही, असं मी म्हणू शकत नाही. मला कळलं होतं. मी मागे वळून म्हणालो, "हा काय, कठडा दिसतोय वर," आणि पुढच्या पायऱ्या चढलो.

नंतर पडल्याचा आवाज आला. ती उताणी पडली होती, डोकं पायरीच्या कडेवर. कुणी तरी परदेशी बाईने आपला कोट तिच्या मानेखाली सारला. इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं की रक्तातली साखर फार उतरली, त्यात भोवळ आली आणि डोक्याला मार बसला. ती शुद्धीवर आली नाही. आमचा गट गेला, मी राहिलो, आणि ती तिथेच गेली.

मुलाचा फोन पहिल्यांदा आला तेव्हा मी इस्पितळाच्या बाकावर होतो. "बाबा, अशी कशी पडली आई?" तो रडत होता. मी म्हणालो, "उपास होता तिचा. ऐकेना."

ऐकेना. चौकात ती उपास सोडायला निघालीच होती. मी म्हणालो म्हणून ती उठली आणि चढली.

घरी आल्यावर मुलाने सूनबाईला बजावलं, "या घरात आता कुणी उपास धरायचा नाही. आईच्या डोक्यातलं खूळ आईबरोबर गेलं." सूनबाई माहेरी असल्यापासून चतुर्थी करायची. तिने ती मुकाट्याने सोडली. मी तेव्हाही समोर बसलो होतो.

यंदा तिच्या श्राद्धाला मेहुणा आला. पानावर बसल्यावर नेहमीसारखा तिचा विषय निघाला. "आक्का ल्हानपनापास्नं तशीच, दाजी. बापाचं बी ऐकायची न्हाई. हट्टानंच गेली."

मी म्हणालो, "ती उपास सोडत होती. मी सोडू दिला नाही." आणि पानावरच सगळं सांगितलं. डबा, बेकरी, पायऱ्या.

कुणी जेवेना. मग मेहुण्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "दाजी, जीवाला असं लावून घिऊ नगा. मानूस गेलं की असंच वाटतं."

मुलगा आतून पाणी घेऊन आला. "बाबा, किती वर्षं झाली. तुम्ही उगाच स्वतःला दोष देता." रात्री तो बायकोशी हळू बोलत होता ते मला ऐकू आलं. वयामुळे बाबांच्या मनात काही तरी गोष्टी तयार होतात, एकदा डॉक्टरांना दाखवू, असं तो म्हणत होता.

मी उशिरा बोललो, म्हणून त्यांनी मलाच माफ करून टाकलं. हट्टी तीच राहिली. म्हणून हे लिहितो आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई अंगणात गहू निवडत होती. मी जाऊन बसलो. तिने मान वर न करता विचारलं, "आईंना पाव खायचा होता?"

"हो."

"आणि तुम्हाला नदी बघायची होती."

"हो."

तिने हातातले गहू सुपात टाकले. मग सूप उचलून आत गेली. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. ताट वेळेवर येतं, औषधं वेळेवर मिळतात. मुलगा तिला रागावतो, बाबांशी नीट वाग म्हणतो. मी त्याला दोनदा सांगितलं, तिला काही बोलू नकोस.