हळद लागलेल्या दोन गाड्या

चिखलीपासून संग्रामपूरपर्यंत सारा जिल्हा पालथा घातला, तरी दोन वस्तू एकमेकींवर आदळल्याचा आनंद इतक्या निर्मळ मनाने घेणारा मामांसारखा दुसरा माणूस सापडायचा नाही, हे मी पैजेवर सांगते; आणि पैज लावण्याचे धाडस मी एरवी कधीच केलेले नाही. अमडापूरच्या आमच्या शाळेत ते प्रयोगशाळा परिचर होते. सारी शाळा त्यांना मामा म्हणे. मी तिथे तात्पुरत्या नेमणुकीवर विज्ञान शिकवायला गेले, तेव्हा पदवी घेऊन वीस वर्षे उलटली होती आणि फळ्यापुढे उभे राहण्याची ती माझी पहिलीच वेळ होती. मामांनी आठवडाभर माझे तास दाराआडून ऐकले आणि मग जमिनीकडे पाहत निदान केले, "मॅडम, तुमाले सारं येते. पन तुमचा आवाज तिसऱ्या बाकावर बसून घेते."

आठवडी बाजारात एकदा ज्वारीचे पोते घेतलेला एक गृहस्थ दुसऱ्यावर आदळला. दोघे हातघाईवर आले, तेव्हा मामा मधे शिरले. लोकांना वाटले, समेट घडवणार. मामांनी विचारले, "भांडन मंग करा. आधी सांगा, पोतं किती किलोचं होतं, आन तुमी दोघं कोनीकडे सरकले?" प्रयोगशाळेत एका माठात ते नाल्याकाठची काळी माती ओल्या फडक्यात जपून ठेवत. कोणत्या शेतातली माती किती चिकटते, यावर ते तासभर बोलू शकत. एका पाहुण्या अधिकाऱ्यांनी पाण्यासाठी त्याच माठात पेला बुडवला, तेव्हा मामांना त्यांच्या तहानेपेक्षा गोळ्यावर उमटलेल्या पेल्याच्या कडेची काळजी अधिक वाटली. आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी, गावात बैलांचे खांदे तूप-हळदीने शेकण्याची खांदशेकणी चाले तेव्हा, मामा प्रयोगाच्या दोन लाकडी गाड्यांना तूप-हळद लावत. "सालभर टकरा खातेत बिचाऱ्या," एवढेच त्यांचे समर्थन असे. मात्र वर्गात शिक्षक उभे असताना परिचराने तोंड उघडायचे नाही, हा त्यांचा नियम तीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. बोलणे शिक्षकांचे, मांडणे आपले.

माझी नेमणूक पुढे चालू ठेवायची की नाही, हे ठरवण्यासाठी मुख्याध्यापक माझ्या एका पाठाला बसणार होते. तो दिवस नेमका पोळ्यानंतरचा निघाला. विषय होता पूर्णतः अप्रत्यास्थ आघात: दोन वस्तू आदळतात आणि चिकटून एकत्र पुढे जातात तो. स्थिर गाडीच्या तोंडाला मामांनी मातीचा गोळा लावला, मी दुसरी गाडी सोडली. धडक झाली आणि गोळा टपकन जमिनीवर पडला. गाड्या दोन दिशांना. वर्ग हसला. गाडीच्या तोंडावरच्या तुपाने माती धरलीच नव्हती; आमच्या आघाताला हळद लागली होती.

मामांचा चेहरा पांढरा पडला. मग त्यांनी डोक्यावरची परीटघडीची टोपी काढली. ती टोपी ते मुख्याध्यापकांपुढेही काढत नसत. तिने दोन्ही गाड्यांची तोंडे घासून पुसली, नवा गोळा लावला आणि ते मागे सरले. या वेळी धप्प असा आवाज झाला आणि दोन्ही गाड्या निम्म्या वेगाने, जोडीने निघाल्या. वस्तुमान दुप्पट, वेग निम्मा, म्हणून संवेग होता तेवढाच. इथवर मी नीट सांगितले. तेवढ्यात एका मुलीने वहीतून मान वर केली. "मॅडम, पन गतिज ऊर्जा तं अर्धीच उरली. बाकीची कुठी गेली?"

उत्तर मला येत होते. मी मात्र फळ्याकडे वळून संवेगाचेच समीकरण पुन्हा लिहू लागले. मुख्याध्यापकांनी पेनाचे टोपण काढले. मामा पुढे आले, गाड्या अलग केल्या आणि मधला गोळा मुकाट्याने माझ्या तळहातावर ठेवला. मघाशी वाटोळा असलेला तो गोळा चेपून भाकरीसारखा झाला होता आणि गाडीच्या तोंडाचा ठसा त्यात खोल रुतला होता. मी तो उंच धरला. "इथे गेली," मी म्हणाले. "ही माती दाबण्यात. थोडी आवाजात, थोडी उष्णतेत. नाहीशी झाली नाही; फक्त धावायची थांबली." शेवटच्या बाकावरच्या मुलींनीही ते लिहून घेतलेले मी पाहिले.

व्हरांड्यात मी आभार मानू लागले, तर मामांनी हात जोडले. "म्या काई सांगतलं नाही. गोळा तेवढा तुमच्याजवळ देल्ला."

नेमणूक टिकली. टोपीवरचा पिवळा डाग मामांनी कधी काढला नाही. कुणी विचारलेच तर "मॅडमच्या पाठाची हळद हाये" असे मान ताठ करून सांगत. निवृत्त होऊन ते संग्रामपूरकडे आपल्या गावी गेले, तेही तीच टोपी घालून. दर पोळ्याला त्यांचा फोन येतो. माझी खुशाली ते विचारत नाहीत. "गाड्यांची तोंडं कोरडी ठेवली ना?" मी हो म्हणते. खरे म्हणजे एका गाडीच्या तोंडाला मी हळदीचे बोट लावतेच, आणि मग पदराने पुसते. पदरावरचा डाग जात नाही. मीही काढत नाही.