डावं वळण

कुरिअरच्या ऑफिसात तिला सगळे ‘उजवी’ म्हणत. नव्या माणसाला वाटे, कामात उजवी असेल. तशी ती होतीही. पण नावाचं कारण वेगळं होतं. ती स्कूटर फक्त उजवीकडेच वळवायची.

आठ वर्षांची असताना बाईंनी तिला वर्गाच्या रांगेत सर्वांत पुढे उभं केलं. जायचं होतं वाचनालयात. ती चौकात डावीकडे वळली आणि बेचाळीस मुलं थेट गाद्यांच्या कारखान्यात शिरली. मुलांनी मनसोक्त उड्या मारल्या, दोघं तर झोपीच गेली. बाई सर्वांदेखत ओरडल्या, “डावीकडे वळणं तुला या जन्मात जमायचं नाही!”

ते तिच्या डोक्यात पक्कं बसलं.

“समोरच्या गल्लीत जायला दोन किलोमीटर?” मॅनेजर कपाळावर हात मारायचे.

“साहेब, तीनदा उजवीकडे वळलं की डावीकडचा रस्ता लागतो.”

“मग एकदाच डावीकडे वळ ना, बाई!”

“ते मला येत नाही,” ती म्हणायची. पोहता येत नाही म्हणावं, इतक्या सहज. इतरांच्या आधी अर्धा तास निघायची, म्हणून तिचं पार्सल कधी उशिरा पोचलं नाही.

एकदा मात्र पंचाईत झाली. पत्ता डावीकडच्या बंद गल्लीतला. रस्ता एकेरी आणि पलीकडे कालवा, त्यामुळे फेरा मारून उलट बाजूने येण्याची सोय नाही. तिने चार चकरा मारल्या. शेवटी ती उतरली, पाठमोरी झाली आणि स्कूटर मागे ओढत गल्लीत शिरली. अशाने गल्ली तिच्या उजव्या हाताला आली.

“अगं, उलटी काय येतेस?” गॅलरीतून एक म्हातारी ओरडली.

आवाज ओळखीचा होता. बाईच त्या! सही घेता घेता तिने सगळं सांगितलं.

बाईंचं पेन थांबलं. “गाद्यांचा कारखाना... अगं, डावीकडे वळ असं मीच सांगितलं होतं तुला. माझंच चुकलं. मुख्याध्यापक रागावतील म्हणून तुझ्यावर ढकललं.”

“तेहतीस वर्षं झाली, बाई.”

“पाणी घेतेस?” बाई कशाबशा म्हणाल्या.

ती पाणी प्यायली. परतताना घराजवळच्या चौकात थांबली, डोळे किलकिले केले आणि डावीकडे वळली. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला, बाकी काही झालं नाही.

घरी ती वीस मिनिटं लवकर पोचली. सासूबाई धावत दाराशी आल्या.

“काय गं, नोकरी गेली?”

“नाही. डावीकडून आले.”

सासूबाई मटकन खालीच बसल्या.