साहेबांच्या शर्टाची चिठ्ठी

लाँड्रीवालीला सगळे नीळमावशी म्हणत. तिचा निळेचा हात असा, की दोरीवरची चादर बघताना डोळे दिपावेत. खोड एकच. कपड्याला बांधलेली चिठ्ठी ती कधी टाकायची नाही. पांढऱ्या कापडाची बोटभर पट्टी, तिच्यावर न जाणाऱ्या शाईने गिऱ्हाईक, तारीख आणि गिऱ्हाइकाची फर्माईश. पट्टी कपड्याबरोबरच धुतली जायची आणि मग तारेत ओवली जायची.

"ताई, एवढ्या पट्ट्यांचा माझा एक सदरा होईल," इस्त्री फिरवता फिरवता तिचा धाकटा भाऊ म्हणायचा.

"तुझ्या पोटाला पुरायचा नाही रे."

लाँड्रीला पाणी मागच्या ओढ्याचं. वरच्या अंगाला रंगाचा कारखाना आला आणि ओढा अधूनमधून जांभळा व्हायला लागला. दवाखान्याचे कोट जांभळे, न्हाव्याचे टॉवेल जांभळे. एक दिवस बदकंसुद्धा वांग्यासारखी होऊन डुलत आली, तेव्हा कुठे बोंबाबोंब झाली. कारखान्याचे मॅनेजरसाहेब खरं तर लाँड्रीचंच गिऱ्हाईक, पण त्यांनी लगेच अर्ज ठोकला: ओढा बिघडला तो लाँड्रीच्या निळेनं!

झालं. लाँड्रीला टाळं ठोकायचं की नाही हे ठरवायला प्रदूषण खात्याच्या मॅडम आल्या आणि धुवायच्या गाठोड्यावरच बसल्या.

"ॲक्च्युअली मॅडम," साहेबांनी टाय सरळ केला, "आमच्याकडून थेंब सुटत नाही. थेंब! पाणी कधी जांभळं होतं, हेसुद्धा आम्हाला ठाऊक नाही."

"वरच्या बाजूची बदकं जांभळी झालीत," भाऊ म्हणाला. "नीळ काय ओढा चढून गेली?"

"बदकं फिरती असतात!"

मावशीनं धुण्याच्या हौदांकडे पाहिलं. सगळं आयुष्य ह्या हौदांपाशी गेलेलं. टाळं लागलं तर जायचं कुठे?

"तुमच्याकडे पुरावा काय?" मॅडमनी विचारलं.

"पुरावा कसला हो? नुसत्या चिठ्ठ्या आहेत." तिनं तार उतरवून पुढे ठेवली.

भावानं मान वाकडी करून पाहिलं. "ताई, बाकीच्यांच्या काही काही जांभळ्या. साहेबांच्या मात्र सगळ्या पांढऱ्याशुभ्र कशा गं?"

मॅडम वाचायला लागल्या. "'साहेब. तीन तारखेला धुऊ नये, चारला धुवावे.'" तीन तारखेची न्हाव्याची पट्टी काढली. जांभळी. "'साहेब. अकराला धुऊ नये.'" अकराची दवाखान्याची पट्टी. वांगंच.

"साहेब आदल्या दिवशी फोन करायचे," मावशी भाबडेपणानं म्हणाली. "मला वाटायचं, माणूस लहरी आहे."

मॅडमनी चष्मा नाकावर आणला. "ज्याला काहीच ठाऊक नाही, त्याला आदल्या दिवशी कसं हो कळायचं?"

"ॲक्च्युअली... हवामानाचा अंदाज..."

भावानं हसू दाबायला तोंडात टॉवेल कोंबला.

टाळं लागलं ते कारखान्याला. ओढा कारखान्यानंच साफ करायचा, असा हुकूम निघाला. साफ झाला की नाही हे बघायला दर सोमवारी साहेबांचा पांढरा शर्ट त्याच पाण्यात धुवायचा. तो पांढरा निघेल, तेव्हाच टाळं उघडेल.

पहिल्या सोमवारी शर्ट निघाला तो पिकलेल्या जांभळासारखा. साहेब रडवेले झाले.

"मावशी, जरा नीळ जास्त घालून बघता का?"

मावशीनं कोरी पट्टी घेतली, पुढच्या सोमवारची तारीख टाकली आणि म्हणाली, "छे हो साहेब! निळेनं ओढा बिघडतो ना?"