"भट्टीवर हाय, बाई!"

नाव पुकारायचं, मान वर करायची आणि उत्तर आलं नाही तर विचारायचं, "कुठं हाय?" बाईंची हजेरी अशी चालायची.

"सोमा?"

सोमा वर्गात नसायचा. बसलेली सगळी पोरं एका दमात ओरडायची, "भट्टीवर हाय, बाई!"

"मंजी?"

"भट्टीवर हाय, बाई!"

"काळू?"

"मामाकडं हाय, बाई! ताप आलाय त्याला."

बाई मान हलवायच्या आणि तिघांच्याही नावापुढे लिहायच्या, हजर.

तुमच्यापैकी कुणी त्या दिवशी माझ्या जागी दारात उभं असतं, तर तुमचंही डोकं भडकलं असतं. माझं तर भडकलेलंच होतं. पालघरला एका माडीवर आम्हा तरुणांची संघटना होती. तिच्याकडे सायक्लोस्टाइलचं एक जुनं यंत्र होतं, आणि माझ्याकडे राग होता. शाळांची दशा चव्हाट्यावर आणायची म्हणून मी पाड्यापाड्यांवर हिंडत होतो. ही शाळा बोईसरपासून दोन कोस आत, डोंगराच्या अंगाला. चार इयत्ता, एक खोली, एक बाई. पटावर एकेचाळीस पोरं. मी मोजली तर समोर एकोणीस. आणि हजेरीपुस्तकात एकेचाळीसच्या एकेचाळीस हजर!

"बाई, ही सरळसरळ खोटी हजेरी आहे," मी दारातूनच म्हणालो.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. पन्नाशीच्या, काटक, नऊवारी खोचलेली, किनाऱ्यावरच्या घिवलीच्या. "पैलं बस," त्या म्हणाल्या, "मंग बोल."

"मला बसायचं नाही. मला उत्तर पाहिजे."

"उभ्यानं निम्मंच आयकू येतं, पोरा."

मी बसलो नाही. उभ्या-उभ्या वहीत टिपणं घेतली आणि निघालो. शाळा पुरती पाहिलीसुद्धा नाही. पुढे पोरांकडून कळली, म्हणून इथे सांगतो.

खोलीच्या आढ्याला एक झोळी टांगलेली असे. पोरींच्या कडेवर धाकटी भावंडं, ती कुठे ठेवायची? म्हणून झोळी. जिची पाळी तिनं झोका द्यायचा आणि झोक्याच्या लयीत पाढा म्हणायचा. मागून सगळा वर्ग. पाढा चुकला की झोका अडखळे, आतलं मूल रडे, आणि बाई म्हणत, "बघ, त्यालापण समजलं." शाळा तपासायला येणारे दिपोटीसाहेब एकदा म्हणाले, "बाई, ही शाळा आहे का पाळणाघर?" बाईंनी सांगितलं, "झोळी काढा, साएब, नि मंग पोरी मोजा." साहेबांनी झोळी राहू दिली.

पाढेही दोनापासून नव्हते. आधी विसाचा. पाड्यावरची माणसं सगळं विसाच्या हिशेबानं मोजतात, वीस म्हणजे एक कोडी. पहिलीतलं पोर घरूनच कोडी शिकून येई. "जे येतं त्याच्यापासून चालू करायचं," बाई म्हणत. "जे येत नाय त्याच्यापासून चालू केलं का पोर पळून जातं." पुस्तकातला क्रम त्यांना ठाऊक होता. त्या तो मार्च महिन्यात गाठायच्या, आणि गाठायच्याच.

आणि छडी? छडी होती. तिच्या टोकाला फडकं बांधून पोरं फळा पुसायची.

यातलं काहीच मी तेव्हा पाहिलं नव्हतं. मी पत्रक लिहिलं. मथळा दिला: 'पाड्यावरची खोटी शाळा'. वाक्यं अशी टोकदार उतरली की मी स्वतःच दोनदा वाचली. बोईसर स्टेशनवर, पालघरच्या बाजारात, कचेरीच्या पायरीवर, सगळीकडे वाटली.

पुढच्या रविवारी मी बेटेगावच्या वीटभट्टीवर गेलो. दुसऱ्या पत्रकाची तयारी. पाड्यावरची कुटुंबं दिवाळीनंतर तिथे कामाला येतात ती पावसाच्या तोंडाशी घरी जातात, त्यांचे हाल मांडायचे होते. दुपारच्या जेवणाची सुट्टी झाली होती. विटांच्या थप्पीमागून ओरडा ऐकू आला.

"लखमी?"

"शाळंत हाय, बाई!"

"रूपजी?"

"शाळंत हाय, बाई!"

मी थप्पीला वळसा घालून गेलो. बाई जमिनीवर बसल्या होत्या. मांडीवर तेच हजेरीपुस्तक, भोवती वीस पोरं, कोपरापर्यंत चिखलानं माखलेली. काळूसारखे एक-दोघे सोडले तर वर्गात नसलेली सगळी इथे होती, आणि पाड्यावर राहिलेल्यांची खबर, रविवार असला तरी 'शाळंत' अशीच, इथून ओरडून दिली जात होती. दर रविवारी बाई चालत यायच्या. पाटी नव्हती. प्रत्येकापुढे एक ओली वीट होती, आणि काडीनं तिच्यावर अक्षरं चालली होती. सोमानं 'क' उलटा काढला. बाईंनी अंगठ्यानं तो सारवून टाकला, आणि वीट पुन्हा कोरी झाली.

भट्टीचा मुकादम उत्तरेकडचा. लांबूनच ओरडला, "अरे बाईजी, ईंट खराब मत करवाओ!"

"खराब काय होतंय? अक्षर काय वीट खातं?" बाई पाठ न वळवता म्हणाल्या. पोरं खिदळली. मुकादमही हसला आणि बिडी पेटवून बसला. हे दर रविवारचंच असावं.

मला पाहून बाईंनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. माझं पत्रक.

"तुजं ना? सुद्धलेखन बरं हाय."

मी मान डोलावली.

"पण निम्मंच लिवलंस. बाकीची निम्मी हितं बसलीत." मग पत्रक पिशवीत ठेवत, "आता तरी बस."

मी बसलो. त्या म्हणाल्या, "गैरहजर लिवलं का पट तुटतो. पट तुटला का वर्षभरात शाळा बंद. पावसाला ही पोरं माघारी येतील, तवा शाळा कुठं असंल? म्हनून मी काय करते, पोर कुठं हाय ते ठावं असंल तर हजर. ज्याचा पत्ता नाय तो गैरहजर. सात वर्सं झाली, माझं एकपन पोर गैरहजर नाय."

हे नियमात बसत नाही, मलाही कळतं. मग नियम काय म्हणतो? पोर विटा उलटत असेल तर त्याचं नाव खोडा, म्हणतो. नियम करणाऱ्यानं एक दुपार त्या थप्पीमागे बसून दाखवावं. मी भांडायला तयार आहे. पण तेव्हा भांडायला फार उशीर झाला होता. कचेरीच्या पायरीवर मीच पत्रकं वाटून आलो होतो.

चौथ्या दिवशी दिपोटीसाहेब येणार असल्याचं कळलं. मी धावतपळत पाडा गाठला, खरं काय ते सांगायला. साहेब खुर्चीवर बसले होते, हातात माझं पत्रक. "या," ते म्हणाले, "तुमचंच ना हे? छान लिहिलंय." नंतर हजेरीपुस्तक उघडून त्यांनी स्वतः नावं पुकारायला घेतली.

"सोमा?"

बाईंनी डोळे मिटून घेतले. एकोणीस पोरं ताठ बसली होती. एवढा मोठा साहेब विचारतोय, आणि उत्तर तर सगळ्यांना तोंडपाठ!

"भट्टीवर हाय, साएब!"

"मंजी?"

"भट्टीवर हाय, साएब!" आवाज चढत गेला. झोळीजवळची पोर झोका सोडून ओरडत होती. एकही उत्तर चुकलं नाही. साहेब दर उत्तराला लाल पेन्सिलीनं फुली मारत होते. शेवटचं नाव झाल्यावर पोरांनी बाईंकडे पाहिलं, शाबासकीसाठी.

"बरोबर," बाई म्हणाल्या. "समदं बरोबर सांगितलंत."

मी मध्ये पडलो, रविवारचं सांगितलं, भट्टीचं सांगितलं. साहेब म्हणाले, "ते सगळं चौकशीत येईल." हजेरीपुस्तक ते घेऊन गेले. चौकशी संपेपर्यंत बाईंनी घरी बसायचं. शाळेला कुलूप. पोरांनी ओढ्यापलीकडच्या गावच्या शाळेत जायचं. तिथे झोळी नाही. लखमी पहिल्या दिवशी भावाला कडेवर घेऊन गेली, आणि दारातूनच परत आली.

मी दुसरं पत्रक लिहिलं. पहिल्यापेक्षा खरं होतं. कुणी वाचलं नाही. 'बाईंची बाजू' यात कुणाला काय चव? संघटनेतला माझा मित्र म्हणाला, "अरे, एकदा खोटी म्हणालास, आता खरी म्हणतोस. लोकांनी काय समजायचं?"

मग घिवलीला गेलो. बाई अंगणात ओले बोंबील वळणीवर टाकत होत्या. पायात चप्पल नव्हती, चष्मा मात्र होता.

"बाई, माझं चुकलं—"

"पैलं बस."

मी ओट्यावर बसलो. त्यांनी हात धुतले, पाणी आणून दिलं. कचेरीबद्दल एक शब्द नाही. एवढंच विचारलं, "आयतवारी भट्टीवर कोन जातो?"

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"मला घिवलीभाईर जायची बंदी हाय चौकशीपतूर," त्या म्हणाल्या. "तुला काय बंदी हाय?"

म्हणून त्या रविवारी मी बेटेगावला गेलो. शिकवायचं कसं ते मला येत नव्हतं, अजूनही येत नाही. पिशवीत उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा होता, कारण दुसरा कागदच नव्हता. मी थप्पीमागे बसलो. पोरं आली, ओल्या विटा पुढ्यात घेऊन बसली, आणि माझ्याकडे बघत राहिली. हजेरीपुस्तक कचेरीत अडकलेलं. मला सगळी नावंसुद्धा माहीत नव्हती.

मंजीनंच सुरुवात केली. तोंडपाठ, बाईंच्याच क्रमानं. एकेक नाव, एकेक उत्तर. पण शाळेतल्या नावांपाशी सूर अडखळला. "लखमी?" "शाळंत—" आणि थांबली. मग कुणीतरी म्हणालं, "घरी हाय." मी पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर लिहीत गेलो. लखमी, हजर. रूपजी, हजर. एकेचाळीस झाली. मी पेन्सिल खाली ठेवणार, तेवढ्यात मंजीनं आणखी एक नाव पुकारलं.

"बाई?"

वीस पोरं थप्पीमागून एका दमात ओरडली, "घिवलीला हाय!"

मुकादमानं बिडी तोंडातून काढली. मंजी माझ्या कागदाकडे बोट दाखवत म्हणाली, "लिव ना, मास्तर. ठावं हाय ना कुठं हाय ती."

मी लिहिलं.