शेवया, बोय मासा आणि तीन दिवसांची मनाई

तक्रारदार : अर्जलेखक, वय वर्षे सेहेचाळीस, बैठक भिवंडीच्या कचेरीबाहेर. तक्रार ज्याच्याविरुद्ध : तोच इसम. काळ : सन १९७३, चैत्र महिना. साक्षीदार : माझ्या सासूबाई, राहणार अंबाडीच्या बाजूला, आणि भिंतीपलीकडची शेजारीण, जिचा नवरा कापडाच्या लूमवर कामाला आहे. नावे घरची असल्याने लिहीत नाही.

हकीकत अशी की, माझ्या पत्नीचा विषमज्वर एकविसाव्या दिवशी उतरला. डॉक्टर म्हणाले, "हलकं खायला द्या," आणि पुढच्या रोग्याकडे वळले. हलके म्हणजे काय, याचा खुलासा झाला नाही.

दुसऱ्या सकाळी शेजारणीने दुधात शिजवलेल्या शेवया आणल्या. अर्धी वाटी पत्नीच्या पोटात गेली. दुपारी सासूबाई खाडीची ताजी बोय घेऊन आल्या आणि पातळ कालवण चुलीवर चढवले. दुधावर मासा खाल्ल्यास अंगावर कोड फुटते, असे मी लहानपणापासून ऐकले होते. मी पातेले उतरवले.

"पोरीच्या अंगात जीव न्हाय, आन तुमी कायदा काढता?" सासूबाई म्हणाल्या.

शेजारीण दारातूनच म्हणाली, "भाईसाब, सेवई खाके कोई मरा है क्या? लोग भूख से मरते हैं."

मी सातवीपर्यंतच शिकलो असलो, तरी तालुक्यातील शेकडो लोकांची गाऱ्हाणी माझ्या लेखणीतून साहेबांपुढे गेली आहेत. लेखी निर्णयाशिवाय पाऊल उचलणे मला मान्य नव्हते. डॉक्टरांच्या नावे रीतसर अर्ज लिहिला. शेवया गव्हाच्या म्हणून जड धराव्यात काय? मासा उष्ण पडतो काय? दोहोंत किती तासांचे अंतर ठेवावे? ताप उलटल्यास जबाबदार कोण? उत्तर येईपर्यंत दोन्ही पदार्थांना मी घरात मनाई केली; रोग्यास फक्त पेजेची निवळ. जावयाच्या चुलीवर त्याच्या शब्दाबाहेर भांडे चढवणे सासूबाईंच्या रीतीत बसत नव्हते. त्यांनी पेज चढवली.

अर्ज कंपाउंडरने घेतला. तीन दिवस मी दवाखान्याच्या पायरीवर जाऊन "उत्तर निघाले का?" असे विचारीत होतो. पडद्याच्या फटीतून डॉक्टर दिसत. हाक मारली असती तर पोहोचली असती. परंतु तोंडी उत्तराची नक्कल मिळत नाही, म्हणून परत फिरलो.

चौथ्या सकाळी मोरीकडे जाताना पत्नी भिंत धरून खाली बसली, ती उठेना. ओठ पांढरे, हात गार. शेजारीण अनवाणी धावली आणि डॉक्टरांना घेऊन आली.

नाडी पाहून ते म्हणाले, "हिला खायला काय दिलंत?"

"पेजेचे पाणी. माझा अर्ज आपणाकडे..."

"कसला अर्ज? अहो, रोज दारात उभे असायचात! विचारायचं होतं की!" मग सासूबाईंकडे वळून म्हणाले, "शेवया मऊ शिजवा. माशाचे काटे काढा, तिखट घालू नका. थोडं थोडं भरवा. दोन्ही एका दिवशी दिलं तरी कोड येत नाही."

सासूबाई मला बाजूला सारून चुलीपाशी गेल्या. शेवयांची वाटी आली, पण पत्नीला ती पेलेना, म्हणून मी धरायला पुढे झालो.

"राहू द्या," ती म्हणाली. "तुम्ही ह्याचाही कागद कराल."

ती बरी झाली. तेव्हापासून दुखलेखुपले की ती शेजारणीला विचारते. मला विचारत नाही.

सबब पत्नीस नम्र विनंती की, त्या तीन दिवसांत तिने एकदाही "भूक लागली" असे का म्हटले नाही, माझ्या भीतीने की माझ्या अकलेवर भरवसा ठेवून, याचा खुलासा करावा. भरवसा हे कारण असल्यास माझा अपराध अधिक मोठा धरावा. जो निर्णय होईल तो मला बंधनकारक राहील.